पाळलेला विंचू खात नाही, हलत नाही: आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

पाळलेल्या विंचवाबद्दल मला जे फोन येतात त्यात एकच तक्रार सारखी असते: "खात नाही, हलत नाही, मेला की काय तेही कळत नाही." फोन साताऱ्याचा असो, कऱ्हाडचा, विट्याचा नाहीतर मिरजेचा. जाऊन बघितलं की बहुतेक वेळा विंचू धड असतो आणि बिघाड पेटीत असतो. त्यातही पाण्याचा बिघाड सगळ्यात जास्त. माती एक तर खडखडीत वाळलेली, नाहीतर चिखल झालेली. वर मालकानं घाबरून एकाच दिवशी माती बदललेली असते, दिवा लावलेला असतो, पेटीही हलवलेली असते. मग मुळात काय बिघडलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून एक नियम आधी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान आठवडाभर बघा. विंचवाचं शरीर फार संथ चालतं. महिना-दोन महिने उपाशी राहूनही तो ठणठणीत असू शकतो, आणि तुमच्या दुरुस्तीचा परिणाम दिसायलाही त्याला दिवस लागतात. अपवाद फक्त विषबाधेचा, तो खाली वेगळा लिहिला आहे.

इथे लिहिलेलं सगळं काळ्या, जाड चिमट्यांच्या, दमट रानात राहणाऱ्या विंचवांबद्दल आहे: आपल्या देशात आणि आग्नेय आशियात सापडणारे हेटेरोमेट्रस गटातले विंचू, आणि पश्चिम आफ्रिकेतला एम्परर. नवीन माणसाकडे बहुधा यांतलाच एखादा असतो.

लक्षणं

- दोन-तीन आठवडे भक्ष्याला तोंड लावत नाही. रातकिडा अंगावरून गेला तरी नुसता सरकून घेतो.
- रात्रीसुद्धा आडोशाखालून बाहेर येत नाही. किंवा याच्या उलट, भर दिवसा काचेला लागून सारख्या फेऱ्या मारतो.
- पाण्याच्या वाटीत किंवा वाटीवरच बसून राहतो.
- पाय ताठ करून, पोट जमिनीपासून वर उचलून उभा राहतो.
- पोट चपटं पडलंय, वरच्या पट्ट्या एकमेकींवर चढल्यात.
- सांध्यांत, तोंडाजवळ पांढरे ठिपके. पायांवर किंवा चिमट्यांवर काळे डाग पसरताहेत.
- पाय थरथरतात, चाल वेडीवाकडी, शेपूट लुळी पडून ओढली जाते, अंग उलटं होतं. हे दिसलं तर बाकीचं सोडा आणि थेट विषबाधेचा भाग वाचा.

पेटीत हात घालण्याआधी: विंचू कोणता आहे?

ही तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात महत्त्वाची. आपल्या सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दगडी बांधात, विटांच्या ढिगात, शेणींच्या उडव्यात लाल विंचू सर्रास सापडतो. कुणीतरी तो बरणीत घालून "पाळायला" आणतो. चिमटे बारीक, शेपूट त्या मानानं जाड, रंग तांबूस ते तपकिरी, लांबी बोटाएवढी. तुमच्या बरणीत असा विंचू असेल तर पुढचं काही करू नका. झाकण घट्ट लावा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा अनुभवी सर्पमित्राला फोन करा. लाल विंचवाचं विष हृदयावर आणि फुप्फुसांवर जातं, आणि लहान मुलांच्या जिवावर बेततं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून उपचार रूढ केले आणि कोकणातले कितीतरी जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या प्राण्याच्या दंशासाठी एका डॉक्टरला अख्खं आयुष्य घालावं लागलं, तो शिकाऊ माणसाच्या घरात नको.

"बारीक चिमटे, जाड शेपूट म्हणजे जहाल, जाड चिमटे, बारीक शेपूट म्हणजे सौम्य" हा ठोकताळा आहे, हमी नाही. ओळख पक्की नसेल तर जहाल समजूनच वागा.

काळा मोठा विंचू असला तरी तो रानातून उचलून आणू नका. एम्पररचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारानं नियंत्रित केलेला आहे, आणि वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे जिवंत प्राणी जवळ असले तर त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते. घेताना कागद मागा. कागद नसेल तर घेऊ नका. आपल्या भागातल्या काळ्या विंचवाबद्दल काही करण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा.

पोट बघा

टॉर्च घेऊन बाहेरूनच बघा, काडीनं ढोसू नका. खाऊन टच्च असलेल्या विंचवाच्या पाठीच्या पट्ट्यांमध्ये फिकट कातडी ताणलेली दिसते. असा विंचू खात नसेल तर त्याला भूक नाही, एवढंच. पूर्ण वाढलेल्या विंचवाला आठवड्या-दोन आठवड्यांत एक मध्यम रातकिडा पुष्कळ होतो. रोज काही ना काही टाकणाऱ्यांचीच तक्रार जास्त येते. अशा वेळी न खाल्लेला किडा बाहेर काढा, दहा-पंधरा दिवस थांबा आणि मग पुन्हा एकच टाकून बघा.

पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या आणि पोट चपटं असेल तर मात्र पुढे चला. अशा विंचवाला बहुतेक वेळा भुकेआधी तहान असते.

कात किंवा पिल्लं तर नाहीत?

वाढत्या वयाचा विंचू कात टाकण्याआधी फुगतो, रंगानं मळकट होतो, खाणं सोडतो आणि आत दडून बसतो. या काळात त्याला शांतता आणि ओलावा, दोनच गोष्टी लागतात. जिवंत किडा आत ठेवू नका. कात टाकल्यावर विंचवाचं अंग मऊ आणि फिकट असतं, आणि भुकेला रातकिडा त्याला कुरतडू शकतो. कातीनंतर आठवडाभर तरी खायला द्यायचं नाही.

कात अर्धवट अडकली तर ओढू नका. आतला पाय त्या कातीबरोबर तुटून येतो. आडोशाजवळची माती ओली करा आणि झाकण लावून ठेवा. माणसाच्या हातात याहून जास्त नाही.

दोन गैरसमज मला वारंवार भेटतात. पहिला म्हणजे "उलटा पडलाय, कात टाकत असेल." टॅरंट्युला कोळी पाठीवर पडून कात टाकतो, पण विंचू पायांवर राहूनच टाकतो. विंचू पाठीवर पडला असेल तर तो संकटात आहे. दुसरा म्हणजे पूर्ण वाढलेला विंचू खात नाही म्हणून कातीची वाट बघत बसणं. एकदा वयात आला की विंचू कात टाकत नाही. मोठ्या विंचवाच्या उपासाचं कारण दुसरीकडे शोधा.

मोठी मादी फुगलेली असून खात नसेल तर ती गाभण असू शकते. विंचू अंडी घालत नाहीत, पिल्लांनाच जन्म देतात. या मोठ्या जातींत गर्भ कित्येक महिने पोटात असतो, त्यामुळे मादी तुमच्याकडे येण्याआधीच गाभण असण्याची शक्यता असते. पांढरी पिल्लं आईच्या पाठीवर चढून पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात. त्या दिवसांत पेटी उघडून फोटो काढू नका. घाबरलेली किंवा तहानलेली आई पिल्लं खाते.

रात्री बघा, आणि एरवी सोडून द्या

विंचू निशाचर आहे. दिवसा तो हलत नाही हे लक्षण नाही, तो त्याचा स्वभाव आहे. रात्री दिवे मालवून अर्ध्या तासानं जांभळ्या अतिनील टॉर्चनं बघा. अंग हिरवट-निळं चमकतं आणि तो कुठे फिरतोय ते लगेच कळतं. नुकतीच कात टाकलेला विंचू फारसा चमकत नाही, त्यानं घाबरू नका. हा उजेड मिनिटभरच टाका, सतत लावून ठेवला तर विंचवाला त्रास होतो.

पेटी टीव्हीच्या टेबलावर किंवा स्पीकरशेजारी आहे का? विंचू पायांनी जमिनीची थरथर टिपतो, शिकारही तशीच शोधतो. जिथे दिवसभर धडधड चालते तिथे तो बाहेरच येत नाही. पेटी बेडरूमच्या खालच्या कप्प्यात नेली आणि आठवड्यात विंचू खायला लागला, असं कितीदा तरी झालंय.

आडोसाही बघा. खापराचा तुकडा किंवा सालपट असं हवं की आत शिरल्यावर पाठ वर टेकेल. मोकळ्या ढाबळीत विंचवाला निर्धास्त वाटत नाही.

पाण्याची वाटी

उथळ वाटी, तळाशी चार खडे, आणि रोज ताजं पाणी. "मातीतनं मिळतंय की" हे पुरेसं नाही. चपट्या पोटाच्या विंचवाला आधी पाणी ठेवा, भक्ष्य दोन दिवसांनी. विंचू वाटीवरच ठाण मांडून बसला असेल तर बाकीची पेटी कोरडी आहे, हे तो तुम्हाला सांगतोय. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातलं बोअरचं मचूळ पाणी नको. त्यानं मातीवर पांढरी पुटं चढतात. फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी घ्या.

माती: इथेच सगळं अडतं

बाहेरून मिळणाऱ्या सूचनांत लिहिलेलं असतं: दमटपणा ७५ ते ८० टक्के, आठवड्यातून अमुक वेळा पाणी फवारा. आकडा बरोबर आहे, फवारण्याचं वेळापत्रक मात्र आपल्याकडे चालत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये किंवा पलीकडे आटपाडीत तो पाचशेच्या आसपास. एकाच घरातसुद्धा जुलैत भिंतींना ओल येते आणि एप्रिलमध्ये फवारलेलं पाणी संध्याकाळपर्यंत उडून जातं. म्हणून कॅलेंडरवर जाऊ नका, माती हातात घेऊन ठरवा.

वरचा बोटभर थर बाजूला करा, खालची मूठभर माती घ्या आणि दाबा. गोळा झाला आणि पाणी गळलं नाही, तर ठीक. गोळा होत नाही म्हणजे कोरडी. बोटांतून पाणी निथळलं म्हणजे जास्त ओली. हात घालताना विंचू कुठे आहे हे आधी बघा आणि त्याच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा उपडा घाला. झाकणाला चिकटवलेल्या दमटपणा-मापकावर विसंबू नका. तो वरच्या हवेचा आकडा दाखवतो, विंचू तळाशी राहतो.

*कोरडी असेल तर* वरून फवारू नका. पेटीच्या एका कोपऱ्यातून हळूहळू पाणी ओता, म्हणजे ते तळाशी जाऊन वर झिरपेल. एक बाजू ओली आणि दुसरी थोडी कोरडी राहिली तर उत्तम, विंचू आपल्याला हवी ती जागा निवडतो. उन्हाळ्यात झाकणाची अर्धी जाळी प्लॅस्टिकनं झाका, पूर्ण नको.

*चिखल असेल तर* पाणी बंद, झाकणाची जाळी मोकळी, आणि पेटीच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना बारीक भोकं. हवा एका बाजूनं शिरून दुसरीकडून गेली पाहिजे. साताऱ्याच्या पावसाळ्यात पेटीत पाणी घालायची गरज महिनाभर पडली नाही तरी नवल नाही. वाटी मात्र भरलेली हवी. विंचू भर दिवसा भिंतीला लागून फिरत असेल किंवा पोट उचलून उभा असेल तर खालची माती सडत चाललीय किंवा तापलीय. विंचू पोटाखालच्या छिद्रांतून श्वास घेतो. सतत ओल्या, कोंदट मातीवर त्याला बुरशी लागते आणि ते काळे डाग मग परत फिरत नाहीत.

मातीचा प्रकारही इथेच बघून घ्या. सांगलीकडची काळी माती या कामाची नाही. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगा पडतात, आणि बीळ धरत नाही. नर्सरीतल्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटा घ्या, पण "खतयुक्त" लिहिलेल्या नकोत. विटा पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुवा, कारण त्यात मीठ असतं. थोडी स्वच्छ लाल माती मिसळली तर बीळ टिकतं. थर निदान १० ते १५ सेंटीमीटर जाडीचा. दोन बोटांचा थर घालून "खणत नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

विषबाधा: इथे आठवडाभर थांबायचं नाही

थरथर, वेडीवाकडी चाल, ओढली जाणारी शेपूट. ही लक्षणं दिसली की दोन प्रश्न विचारा.

खोलीत काय फवारलं? डासांची कॉइल, प्लगला लावायचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू यांत पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात. किडे मारायला बनवलेलं औषध विंचवालाही मारतं. पावसाळ्यात गल्लीत धूरफवारणी होते तेव्हा खिडक्या लावा आणि पेटी मागच्या खोलीत न्या.

खायला काय घातलं? शेतातला नाकतोडा फुकट मिळतो, म्हणून लोक आणतात. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागा, ऊस, भाजीपाला, सगळीकडे फवारणी चालते. त्या बागेतला किडा म्हणजे औषधाची पुडी. घरात स्प्रे खाऊन तडफडणारं झुरळही तसंच. भक्ष्य विकत आणा किंवा डब्यात स्वतः वाढवा: रातकिडे, डुबिया झुरळं. किडा विंचवाच्या धडापेक्षा लहान हवा. फार मोठा किडा दिसला की विंचूच मागे सरतो.

लक्षणं दिसताच विंचवाला लांब फोर्सेप्सच्या मदतीनं प्लॅस्टिकच्या डब्यात घ्या. डब्यात फक्त ओला पांढरा टिश्यू आणि पाण्याचं झाकण ठेवा. डबा हवेशीर, शांत खोलीत ठेवा. जुनी माती फेकून द्या, पेटी नुसत्या गरम पाण्यानं धुवा, साबण-फिनेल नको. यातून काही विंचू सावरतात, बरेच जातात. उतारा असा काही नाही. माणसांची किंवा जनावरांची औषधं थेंबथेंब घालून बघण्यानं त्याचे हालच वाढतात.

ऊब

थर्मामीटर आता लागेल. या विंचवांना २४ ते ३० अंश मानवतं. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात रात्री पारा १५ च्या खाली उतरतो आणि विंचू खाणं सोडतो. तो आजारी नसतो, गारठलेला असतो. आधी पेटी बाहेरच्या भिंतीपासून काढून आतल्या खोलीत, थोडी उंचावर ठेवा. तेवढ्यानं भागलं नाही तरच हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) घ्या, तीही ठरावीक तापमानाला आपोआप बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटसकट, आणि पेटीच्या *बाजूला* लावा, खाली नाही. रानात ऊन वाढलं की विंचू खाली खणतो, कारण खाली गार असतं. मॅट तळाला असेल तर तो उष्णतेपासून पळताना उष्णतेकडेच खणत जातो आणि भाजून मरतो. पिवळा बल्ब नको, तो माती वाळवतो आणि विंचवाला उजेड नकोच असतो.

सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये उलटी काळजी. पेटीवर खिडकीचं ऊन एक तासभर जरी पडलं तरी काचेची पेटी भट्टी होते.

पांढरे ठिपके: पेटी उपसायची वेळ

आधी भिंगातून बघा. लांबुडके, पांढरे, हात लावला की उडी मारणारे असतील तर ते स्प्रिंगटेल. ते उष्टं आणि बुरशी खातात. त्यांना राहू द्या, त्यांच्यामुळे पेटी साफ राहते. गोल, संथ, सांध्यांत आणि तोंडाजवळ दाटीनं चिकटलेले असतील तर माइट्स, म्हणजे गोचिडाच्या जातीचे बारीक जीव. ते बहुतेक वेळा मेलेल्या किड्यांच्या उष्ट्यावर वाढतात आणि ओलीत फोफावतात.

उपाय कष्टाचा आहे. विंचू टिश्यूच्या डब्यात, सगळी माती बाहेर, पेटी आणि खापरं उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवायची, सालपट टाकून द्यायचं, नवी धुतलेली माती. डब्यातला टिश्यू रोज बदलायचा. कसलंही कीटकनाशक वापरायचं नाही. यापुढे उष्टं दुसऱ्या दिवशी उचलायचं, म्हणजे ही वेळ पुन्हा येत नाही.

पेटी परत लावताना कोपऱ्यांतल्या सिलिकॉनच्या रेघा आणि आत सोडलेल्या वायरी बघा. गुळगुळीत काचेवर विंचू चढत नाही, सिलिकॉनवर आणि वायरीवर चढतो. झाकणाला कडी हवीच.

कुठे थांबायचं

वरचं सगळं क्रमानं करूनही पोट चपटंच राहत असेल, काळे डाग पसरत असतील, अंगातून द्रव येत असेल किंवा माइट्स पुन्हा आले असतील, तर घरचे प्रयोग बंद करा. विंचू बघणारे पशुवैद्य कमी आहेत, पण विचारल्याशिवाय सोडू नका. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि पुण्यात विदेशी पाळीव प्राणी बघणारे डॉक्टर आहेत. आधी फोन करा. शेवटचं खाणं कधी, पेटीतलं तापमान, मातीची अवस्था, खोलीत काय फवारलं, एवढं कागदावर लिहून आणि वरून-बाजूनं काढलेले स्पष्ट फोटो हाताशी ठेवून बोला. नुसतं "खात नाही" म्हटलं तर त्यांनाही काही सांगता येणार नाही.

पेटीतला विंचू निसटला आणि घरात लहान मूल असेल तर आधी मुलाला बाहेर न्या. मग खोली अंधारी करून अतिनील टॉर्चनं फर्निचरखाली, चपलांत, पडद्यांच्या घड्यांत बघा. सापडला नाही तर सर्पमित्राला बोलवा.

आणि विंचू चावला तर पेटी तशीच झाकून ठेवा आणि माणसाकडे बघा. काळ्या मोठ्या विंचवाचा दंश बहुधा दुखणं आणि सुजेवर थांबतो, पण अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा ओठ सुजले तर ती ॲलर्जी आहे आणि क्षणाचाही उशीर चालत नाही. विंचू लाल असेल, किंवा कोणता ते ठाऊक नसेल, तर लक्षणांची वाटच बघू नका. घाम सुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं, छातीत धडधड, धाप लागणं, हे सगळं काही तासांतच सुरू होऊ शकतं. दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, मंत्रवाल्याकडे वेळ घालवू नका. अंगठी-बांगडी काढा, दंशाचा भाग हलू देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नाहीतर सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयात पोहोचा. विंचवाला पकडून बरोबर नेण्याच्या भानगडीत पडू नका. लांबून काढलेला मोबाइलचा एक फोटो डॉक्टरांना पुरतो.